कोरडे बूट

मुलगी चार वर्षांची झाली त्या ऑक्टोबरात तिच्या कीटाच्या, म्हणजे बालवाडीच्या, दारावर एक यादी लागली. हिवाळ्यात मुलं रोज तासभर तरी बाहेर खेळतील, पाऊस असो की बर्फ. तेव्हा प्रत्येकाच्या खुंटीवर चिखलात घालायची रबरी विजार, लोकरी मोजे, हातमोज्यांचे दोन जोड आणि पाणी आत न शिरणारे उबदार बूट असावेत. यादीतलं बाकी सगळं मी एका शनिवारी उरकलं. बुटांना मला तीन आठवडे लागले.

मी जर्मनीत, येनामधल्या एका संस्थेत काम करते. भिंगांवर पातळ लेप चढवणं हे माझं काम, आणि तिथे धुळीचा एक कण पडला तरी दिवस फुकट जातो. हा स्वभाव घरी येताना कोटाबरोबर खुंटीला टांगून येता येत नाही. बुटांसाठी मी चक्क तक्ता केला. अस्तर लोकरीचं की कृत्रिम, खालचा भाग अखंड रबराचा की शिवलेला, तळवा किती जाड, वर दोरीनं आवळता येतो का, आतलं अस्तर काढून वाळवता येतं का. नवरा हॅनोव्हरला नोकरी करतो आणि आठवड्याच्या शेवटी घरी येतो. त्यानं तक्ता पाहिला आणि विचारलं, की लग्नाआधी माझाही असाच केला होतास का. मी म्हटलं, केला असता तर आज तू इथे नसतास.

सोलापूरहून आईचा सल्ला फोनवर आलाच. वाढत्या अंगाची पोर आहे, दोन नंबर मोठे घे आणि पुढे कापूस घाल. आम्ही भावंडं तशीच वाढलो. जूनमध्ये घेतलेल्या शाळेच्या काळ्या बुटांत पाय नीट बसायला लागेपर्यंत तळवा झिजून गेलेला असायचा. बूट ही आमच्या घरात वापरायची कमी आणि सांभाळायची जास्त अशी वस्तू होती. रोज संध्याकाळी फडक्यानं पुसून, जोडीनं, टाचा भिंतीला लावून ठेवायचे. त्यासाठी वडिलांना ओरडावं लागत नसे, नुसतं बुटांकडे बघितलं तरी पुरे व्हायचं.

दुकानातल्या बाईंनी कापसाचा बेत ऐकला असता तर मला बाहेरच काढलं असतं. साठीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी बुटाच्या आतलं, पायाखालचं सुटं पान काढून जमिनीवर ठेवलं, मुलीला त्यावर उभं केलं आणि पुढे आपला अंगठा आडवा टेकवून दाखवला. एवढी जागा, जास्त नाही. मोठ्या बुटात पाय घसरतो आणि रिकाम्या जागेला ऊब देता देता स्वतः गारठतो. दोन मोजेही घालू नका, पाय आवळला की रक्त फिरत नाही. आणि बूट तिला स्वतःला घालता आले पाहिजेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलवत होते. मुलगी दुकानातल्या लाकडी उतारावर वरखाली करत होती. तिनं गडद निळा जोड निवडला. माझ्या तक्त्यातही तोच पहिला होता, त्यामुळे मायलेकींचं एकमत झालं, जे आमच्या घरात सणासुदीलाच होतं.

पहिल्या दिवशी दारात तिनं ते बूट स्वतः ओढून घातले. मी खाली वाकून तिची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "नवे आहेत हं. जपून वापर. पाण्यात पाय घालायचा नाही."

हे मी ठरवून म्हटलं नाही. कुणी निघालं की 'सावकाश जा' म्हणतो, तसं ते तोंडून गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं, तिसऱ्याही. तीन आठवडे खपून मी असे बूट शोधले होते की ज्यांत पाणी शिरूच शकत नाही, आणि रोज सकाळी आठ वाजता मी माझ्या मुलीला सांगत होते की ते घेऊन पाण्यात जाऊ नकोस. आज लिहिताना मला यातला वेडेपणा दिसतो. त्या वेळी दिसला नाही, आणि घरात दाखवून देणारं दुसरं कुणी नव्हतं.

ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. दुपारी घ्यायला गेले की धावत यायची, एक पाय उचलून मला तळवा दाखवायची आणि म्हणायची, "ट्रोकन." कोरडा. मग दुसरा पाय. मी शाब्बास म्हणायचे. खुंट्यांच्या खालच्या फळीवर वीस जोड असायचे, चिखलानं माखलेले, एकावर एक पडलेले, कुणाचा डावा कुणाच्या उजव्यात अडकलेला. त्यात आमचा निळा जोड लख्ख. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, वळण लावलंस हो पोरीला. ते वाचून मला फार बरं वाटलं. या लोकांना वस्तूची कदर नाही, असंही त्या फळीकडे बघून मनात आलं. नाकानं कांदे सोलायला माणसाला फारसं काही लागत नाही, बुटांचा एक स्वच्छ जोडही पुरतो.

नोव्हेंबर संपत आला आणि तिचे पाय गार पडायला लागले. घरी आल्यावर मोजे काढले की बोटं पांढरी पडलेली, फ्रीजमधून काढल्यासारखी. मी दोन्ही पावलं माझ्या पोटाशी घेऊन बसायचे. ऊब यायला बराच वेळ लागायचा आणि ऊब येताना ती रडायची, कारण गारठलेलं बोट गरम होताना दुखतं. माझं डोकं चालेना. इतके बघून घेतलेले बूट, आणि पाय असे?

मग मी माझ्या पद्धतीनं शोध सुरू केला. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते टबातल्या पाण्यात घोट्यापर्यंत बुडवून ठेवले. कागद कोरडा निघाला. लोकरीचं जाड पान आणून आत घातलं. काही फरक पडला नाही. एका रविवारी तर मी छोट्या बाटलीत गरम पाणी भरून ती बुटात ठेवली, बूट गच्चीत ठेवला आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहिलं. बुटानं ऊब उत्तम धरली होती. नवरा खिडकीतून बघत होता. त्यानं विचारलं, की बाटलीला टोपी नाही का घालायची. मला हसू आलं नाही. मी आणखी एक जोड आणला, याहून जाड, ध्रुवाकडच्या थंडीसाठी केलेला. त्यातूनही पाय तसेच निघाले.

डिसेंबरात तिचं सकाळी पोट दुखायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. बाहेर जायचं नाही, घरी थांबायचंय, म्हणायची. पाय गार पडतात म्हणून का, असं विचारलं की मान डोलवायची. हळूहळू दुपारी धावत येणंही थांबलं. चालत यायची, पाय उचलून दाखवायची, आणि आम्ही घरी जायचो. वाटेत बडबड नाही. माझी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर विझत चालली होती आणि मी तळव्यांची जाडी मोजत होते. आई म्हणाली, आपल्या मुलांना ती थंडी मानवायची नाही. मी विज्ञान शिकलेली बाई, पण माझाही त्यावर अर्धा विश्वास बसला. इथं राहून आपण हिचं नुकसान तर करत नाही ना, असा विचार मी त्या दिवसांत रोज करत होते, आणि नवऱ्याशी भारतात परत जाण्याबद्दलही एकदा बोलले.

जानेवारीत कीटात पालकांशी वर्षाकाठी होते ती भेट ठरली. मी तक्रारीची तयारी करूनच गेले. मुलांना एवढा वेळ बाहेर ठेवू नका, निदान माझ्या मुलीला अर्ध्या तासानं आत घ्या, असं सांगायचं होतं. तिच्या गटाची बाई पन्नाशीची, शांत आवाजाची. आम्ही दोघी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग हातातले कागद खाली ठेवले.

"हं, तर," ती म्हणाली, "ती बाहेर खेळतच नाही. उभी असते. वाळूच्या हौदाला लाकडी कड आहे ना, त्या कडेवर. पूर्ण वेळ."

मी विचारलं, पूर्ण वेळ म्हणजे किती. ती म्हणाली, पूर्ण तास. कधीपासून, तर बर्फाच्या विजारी घालायला लागलो तेव्हापासून, बहुतेक नोव्हेंबरपासून. मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटत होतं की हे मला ठाऊक आहे.

"आम्ही तिला विचारलं. मला परवानगी नाही, म्हणाली. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे तसं काही असेल. पाण्याबद्दल, मातीबद्दल. धर्माचं वगैरे. त्यात आम्हाला ढवळाढवळ करायची नव्हती."

ती हे इतकं जपून बोलली की मला रागावताही आलं नाही. एरवी मी रागावले असते. कसला धर्म, मातीत खेळून देव झालेल्यांच्या गोष्टी सांगतो आम्ही मुलांना, असं ऐकवलं असतं. पण यात ना धर्म होता ना रीत, यात फक्त मी होते.

मी विचारलं, बाकीची मुलं? ती म्हणाली की सुरुवातीला हाक मारायची. बांध घालायचा असला, चिखलाचा केक करायचा असला की बोलवायची. ही मानेनंच नाही म्हणायची. आता बोलवत नाहीत. मुलं वाईट नाहीत, तिनं पुन्हा सांगितलं, त्यांना फक्त सवय झाली. कडेवर एक मुलगी उभी असते, याची.

पायांचं कोडं मला तिथंच, त्या बुटक्या खुर्चीवर सुटलं. बूट ऊब तयार करत नाही. पळणाऱ्या मुलाच्या पायात जी ऊब तयार होते, ती तो धरून ठेवतो, एवढंच. गोठलेल्या लाकडावर तासभर निश्चल उभ्या राहिलेल्या पोराचे पाय कुठल्याही बुटात पांढरे पडतील. गच्चीतल्या त्या प्रयोगात बाटलीत गरम पाणी मीच भरलं होतं. माझ्या मुलीच्या पायात ऊब कुठून यायची, हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता.

बाहेर येऊन मी सायकलचं कुलूप काढलं आणि पुन्हा लावलं. मग तिथंच उभी राहून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "रविवारी बागेत जाताना मीही तेच सांगायचो तिला." मला तेवढ्यानं आधार वाटला, आणि वाटल्याची लाजही वाटली. तो आठवड्यातून एकदा सांगायचा. मी पाच वेळा.

त्याच संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. म्हटलं, उद्यापासून चिखलात जायचं, पाण्यात उड्या मारायच्या, बूट कितीही घाण झाले तरी चालतील. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, बूट आता जुने झाले का. मी तिला नवे आहेत म्हणून जपायला सांगितलं होतं. तेव्हा तिचा प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, हो, जुने झाले. तिनं ते पायाशी ओढून उलटे केले. तळव्यावरच्या खाचांच्या कडा दुकानात होत्या तशाच धारदार होत्या. ती माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोललेलं चार वर्षांच्या मुलांनाही कळतं.

पी हळद आणि हो गोरी, असं थोडंच असतं? पण मला घाई झाली होती. शनिवारी मी तिला जाले नदीच्या काठच्या रस्त्यावर घेऊन गेले. बर्फ वितळून ठिकठिकाणी पाणी साचलं होतं. एक चांगलं मोठं डबकं बघून मी म्हणाले, जा. तिनं बुटाचं टोक पाण्याला लावलं. लगेच मागे घेतलं, खाली वाकली आणि हातमोज्यानं ते टोक पुसलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, बरोबर केलं ना, अशा नजरेनं.

मला काय करावं सुचेना म्हणून मी स्वतःच आत गेले. माझे ऑफिसचे बूट पाण्यासाठी केलेले नव्हते, दोन पावलांत मोजे भिजले. मला वाटलं ती हसेल. ती घाबरली. काठावरून माझी बाही धरून तिनं मला जिवाच्या आकांतानं बाहेर ओढलं आणि रडत रडत सांगू लागली की आई, पाय भिजतील, पाय भिजतील. येणारी जाणारी माणसं बघत होती. मी पाण्यातून बाहेर आले. घरी पोचेपर्यंत ती माझ्या बुटांकडेच बघत चालली होती.

त्यानंतर मी बोलणंच सोडलं. सकाळी दारात टोपी सारखी करायची आणि गप्प राहायचं. त्या गप्प राहण्याला जे कष्ट पडले ते मला कुठल्याही प्रयोगाला पडले नाहीत. तिच्या गटाच्या बाईनं मात्र घाई केली नाही. ती रोज थोडा वेळ त्या लाकडी कडेवर माझ्या मुलीशेजारी बसायची. मग एके दिवशी चिखलाची बादली धरायला द्यायची, दुसऱ्या दिवशी बादली घेऊन दोन पावलं. हे सगळं मला ती दुपारी थोडक्यात सांगायची, आणि मी आभार मानायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी थंडी सैल झाली. एका दुपारी मी जरा लवकर पोचले, तर मुलं अजून बागेतच होती. फाटकातून आत शिरले आणि समोरून माझी मुलगी आली. छातीपर्यंत चिखल. टोपी गायब. एक बूट पाण्यानं भरलेला, पाऊल टाकलं की वरून पाणी उसळत होतं. तिचा हात एका दुसऱ्या मुलीच्या हातात होता आणि दोघी कशावर तरी हसत होत्या. जानेवारीपासून मी ज्याची वाट पाहत होते ते समोरून चालत येत होतं.

आणि मी म्हणाले, "अगं, हे काय केलंस?"

मोठ्यानं नाही म्हणाले. पण माझा चेहरा कसा झाला असेल ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिचा हात त्या मुलीच्या हातातून सुटला. ती जागच्या जागी थांबली, दोन्ही तळहातांनी विजारीवरचा चिखल खाली ओढायला लागली आणि मला म्हणाली, "एन्टशुल्डिगुंग." माफ करा. बसमध्ये अनोळखी माणसाला धक्का लागला की म्हणतात, ते.

मी तिथंच गुडघ्यांवर बसले. तिला सांगितलं, मी चुकले, तू नाही. मी असं म्हणायला नको होतं. बूट काढून पाणी ओतलं, मोजा पिळला, पुन्हा पायात घातला. त्या गडबडीतही मला एक गोष्ट जाणवली. ओल्या मोज्यातला तिचा पाय गरम होता. चांगला लालबुंद, गरम. मी तो जरा जास्तच वेळ धरून बसले. मग तिला म्हटलं, अजून वेळ आहे, जा खेळ. ती हलेना. शेवटी ती दुसरी मुलगी परत आली आणि हिला ओढून घेऊन गेली, तेव्हा गेली. मी बागेकडे पाठ करून उभी राहिले, कारण माझा चेहरा माझ्या ताब्यात नव्हता आणि तिनं तो पुन्हा बघावा असं मला वाटत नव्हतं.

याला आता जवळजवळ दोन वर्षं होतील. निळे बूट तिला लहान झाले, त्यानंतरचेही झाले. हा तिसऱ्या हिवाळ्यातला जोड, आणि याच्या तळव्याच्या खाचा एकाच हिवाळ्यात गुळगुळीत झाल्या आहेत. सकाळी पोट दुखत नाही. पाय गरम असतात. दुपारी ती मला तळवे दाखवत नाही आणि मी विचारत नाही. कीटातलं हे तिचं शेवटचं वर्ष, म्हणून मागच्या आठवड्यात पुन्हा त्या बुटक्या खुर्च्यांवर आमची भेट झाली. बाईनं सगळं चांगलंच सांगितलं. मैत्रिणी आहेत, बांध घालण्यात ती पुढे असते, शाळेला तयार आहे. मी उठायला लागले तेव्हा तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, काळजी करण्यासारखं नाही असं आधी म्हणून.

"पाण्यात पाय टाकण्याआधी ती दर वेळी एकदा मागे वळून फाटकाकडे बघते," ती म्हणाली. "त्या वेळी तिथे कुणीच नसतं. मग जाते."